द्रौपदीची नरोटी

केळशीच्या समुद्रकाठी वाळूची एक उंच टेकडी आहे. लांबून ती वाऱ्याने रचलेला ढीग वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी तिचे थर तपासले आणि एखाद्या प्रचंड सागरी लाटेने तिच्यात भर घातली असावी, असे अनुमान मांडले. थर ही वस्तुस्थिती, लाट हे अनुमान. याच संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केलेल्या एका विदुषीने हीच शिस्त पुराणकथेला लावली होती.

केळशीहून किनाऱ्याने दक्षिणेला आंजर्ले, हर्णै ओलांडले की मुरूड लागते. तेथील महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. त्यांचे ‘युगान्त’ १९६७ साली आले. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती नुकतीच, १९६६ मध्ये, पूर्ण झाली होती आणि तिच्याच आधारे त्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे नव्याने पाहिले.

स्त्रीच्या बाजूने जुनी कथा सांगण्याची सध्या जगभर लाट आहे, विशेषतः ग्रीक कथांची. होमरच्या ‘ओडिसी’त पेनेलोपी पहिल्याच सर्गात गायकाला दुःखाचे गाणे थांबवण्यास सांगते, तर तिचाच मुलगा तिला आत जाऊन मागावर बसायला फर्मावतो, बोलणे पुरुषांचे काम! पुढे तोच बारा दासींना फासावर चढवतो. मार्गारेट ॲटवुड यांनी २००५ साली ‘पेनेलोपिअड’मध्ये पेनेलोपीला निवेदक केले आणि त्या बारा जणींना वृंदगानातून बोलते केले. अर्थात हा उद्योग अगदी आजचा नव्हे. युरिपिडीसने इ.स.पू. ४१५ मध्येच पराभूत ट्रॉयच्या स्त्रियांना रंगमंचावर आणले होते.

अशा लेखनात एक मोह असतो : नायिकेला निर्दोष ठरवण्याचा. इरावतीबाई त्याला बळी पडल्या नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाचे आपल्याला केवढे कौतुक! बाईंच्या मते मात्र त्या घोर प्रसंगी कायद्याचा कीस काढणे ही तिची चूक होती. क्षात्रधर्माच्या नावाने दयेची हाक घालणे हेच तिने करायला हवे होते. हे मत आज अनेकांना खुपेल. खुपावेही, पण ते संहिता समोर ठेवून मांडलेले आहे, त्यामुळे संहिता उघडूनच त्याच्याशी भांडता येते.

आणि मग लेखाच्या अखेरीस त्या वाचकाला सावध करतात. इथवरचे विवेचन चिकित्सक आवृत्तीवर आधारलेले. यापुढची माझी ‘नरोटी’. नरोटी म्हणजे नारळाची सुकी करवंटी, कवडीमोलाची वस्तू. या अर्थाने हा शब्द एकनाथांनी वापरल्याचेही त्या नोंदवतात. केळशीच्या नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेल्याला त्यातली विनोदबुद्धी वेगळी समजावून सांगायला नको.

महाभारतात महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी प्रथम कोसळते. भीम कारण विचारतो. अर्जुनावर तिचे अधिक प्रेम होते, एवढे सांगून युधिष्ठिर मागे न पाहता चालू लागतो. द्रौपदीच्या तोंडी तिथे शब्द नाही. इरावतीबाईंच्या नरोटीत ती पडल्यावरही जिवंत आहे, आणि भीम परतून तिच्यापाशी येतो. आपल्यावर खरे प्रेम कोणाचे होते, हे तिला तेव्हा उमगते. ती त्याला विनवते, पुढच्या जन्मी तू थोरला हो.