प्रिय असो

माईक, पेला आणि कागद. वस्तू तीन, हात दोन.

गेल्या वर्षी मडगावच्या एका रिसेप्शनला नवऱ्या मुलाचा काका टोस्ट द्यायला उभा राहिला, तेव्हा हे गणित पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. उजव्या हातात माईक, डाव्या हातात पेला. खिशातला कागद काढायचा म्हणून त्याने पेला बँडवाल्याच्या कीबोर्डवर ठेवला. कीबोर्डवाल्याने तो अदबीने उचलून मागे कुठेतरी नेला. काका बोलला छान. पण शेवटी पेला उंचावायची वेळ आली आणि हाताला काही लागेना, तेव्हा त्याने माईकच वर धरला. आम्ही दोन-तीनशे माणसांनी निमूट आपापले पेले वर केले. तो काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण माईक त्याच्या डोक्यावर हातभर उंच होता. ओठ हलले एवढं दिसलं. मला तो टोस्ट फार आवडला.

त्यामुळे दिवाळीच्या सुमारास मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मला आधी तो माईक आठवला. तीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये काढली, ती गणिताची, मी मराठीची. जानेवारीत तिच्या लेकीचं लग्न. टोस्ट तू द्यायचा, म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुम्हा ख्रिस्ती लोकांत टोस्टला धर्मबाप पाद्रीन असतो, मामा-काका असतात, नाहीतर गावातला एखादा नावाजलेला बोलणारा असतो. मी बामणाची बाई, माझं काय काम? तिने वाद घातला नाही. गणिताच्या बाया घालत नाहीत. "तीन मिनटां. बरोवन हाड. आनी कोणाक रडय नाका," एवढं सांगून तिने फोन ठेवला.

बरोवन हाड, लिहून आण, म्हणजे कागद आलाच.

लिहायला बसले. निबंध शिकवण्यात जन्म गेला, तीन मिनिटांचं काय एवढं, असं वाटलं होतं. पहिला खर्डा झाल्यावर यजमानांना वाचून दाखवला. मनमिळाऊ, सदा हसतमुख, जिथे जाईल तिथे आपुलकीचं नातं जोडणारी, असं सगळं त्यात होतं. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "कधी गेली?"

हसून झाल्यावर मात्र मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. खरंच होतं ते. आपल्याकडे एखाद्या माणसाबद्दल चार लोकांत उभं राहून, साध्या गद्यात चांगलं बोलायचे प्रसंग दोनच: सेवानिवृत्ती आणि शोकसभा. दोन्ही निरोपाचे. माणूस निघाल्याशिवाय आपण तोंड उघडत नाही. माझ्या सगळ्या विशेषणांना त्या दोन हॉलांचा वास लागलेला, हाराचा आणि उदबत्तीचा.

लग्नात आपण बोलत नाही, असं नाही. पण आपल्या शब्दांत बोलत नाही. पत्रिकेवर नावाआधी 'चि.' छापतो, तो खरं तर आपला सगळ्यात लहान टोस्ट. गोव्यात लग्नात 'व्हिवा' म्हणून ओरडतात त्याचाही अर्थ तोच, जगो. फक्त तिथे ओरडतात, आपण पूर्णविराम देऊन आटोपतो. बायको नवऱ्याचं नाव घेते तीही यमकाच्या आडून. रिसेप्शनला तर बोलायचीच सोय नाही. रांग, पाकीट, फोटो, जेवण. आणि माईकचा जो सुकाळ देशावरच्या आमच्या काही नातेवाइकांच्या लग्नांत असतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उन्हात उभी, भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हणायला श्वास घेतलेला, आणि माईकवर माजी सभापतींचं आगमन. मग त्यांचे दोन शब्द. ते दोन शब्द धरणाच्या पाण्यावरून कारखान्याच्या निवडणुकीवर जातात आणि शेवटी 'वधूवरांस शुभाशीर्वाद' म्हणताना शेजारच्याला मुलाचं नाव विचारतात. अक्षता तोवर मुठीत घामाने चिकट होतात.

पण मंगलाष्टकं म्हटली की मला माझी आत्या आठवते, आणि मग टोस्टबिस्ट सगळं मागे पडतं.

आत्या म्हणजे आमच्या घराण्याची राजकवी. शिक्षण सातवी. आमच्या तीन पिढ्यांतलं एकही लग्न तिच्या मंगलाष्टकांवाचून लागलं नाही. लग्न ठरलं की तिला फक्त नावं कळवायची: मुलगा, मुलगी, दोघांचे आईवडील, आजी-आजोबा, शक्य असल्यास कुलदैवत. बाकी काही विचारायची नाही ती. मुलगा काय करतो, रंग कसा, हुंडा-मानपान, कशात रस नाही. नावं लघु आहेत का गुरू, एवढंच बघायची. भिंतीला टेकून, कॅलेंडरच्या उलट्या पानावर, कानाला पेन्सिल. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवत पुटपुटत बसायची. मसजसततग. आम्ही पोरं त्या मंत्राला घाबरायचो, कारण मोजणी चालू असताना मध्ये कुणी बोललं तर ती आकडा विसरायची आणि मग पेन्सिल फेकून मारायची.

मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबायचं, आणि कुठलं जड आणि कुठलं हलकं हे सगळं ठरलेलं. त्यात माणसांची नावं बसवायची म्हणजे भरल्या एसटीत ट्रंक चढवण्यासारखं. काही नावं आपणहून बसतात. मंदाकिनी, सुधाकर, अनिरुद्ध, विद्याधर: ही कवीच्या सोयीसाठीच ठेवलेली नावं, असं आत्या म्हणायची. काही मात्र दारातच अडून बसतात. आत्याचं मत असं की बारशाच्या वेळी आईबापांनी पुढचा विचार करायला हवा. मुलगा काय पाळण्यातच राहणार आहे?

माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ही अडचण आली. नावं बदलून सांगते, पण लघु-गुरू तेच ठेवलेत, कुणाला मोजायचे तर मोजा. बहीण मंदा, मुलगा कमलाकर. मंदाचा प्रश्न नव्हता. पण क-म-ला-क-र! दोन हलकी, एक जड, परत दोन हलकी. चौथ्या अक्षरापासून घातला तर पहिली चार अक्षरं झोकात बसतात आणि शेवटचा 'र' नेमका जिथे जड पाहिजे तिथे हलका पडतो. दोन दिवस आत्या जेवणात लक्ष नसल्यासारखी वागत होती. दादांनी सुचवलं, नुसतं 'कमळ' म्हण की. तिने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पुढे फक्त इन्स्पेक्टर आल्यावर मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाहिली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती चुलीपुढे उभी राहून जोरात म्हणाली, "प्रिय!"

युक्ती अशी. पुढचं अक्षर जोडाक्षर असेल तर मागचं हलकं अक्षर जड होतं. तेव्हा 'कमलाकर'च्या पाठीवर असा एखादा शब्द ठेवायचा की जो जोडाक्षराने सुरू होईल आणि स्वतः मात्र हलकाच राहील. 'श्री' चालणार नाही, ती जड. 'प्रिय' मात्र बरोबर बसतो. 'प्र'च्या धक्क्याने 'र' जड होतो आणि 'प्रिय' बिचारा दोन हलक्या पावलांनी पुढे निघून जातो. ओळ तयार झाली:

मंदेला कमलाकर प्रिय असो, संसारि गोडी वसो

मंदाताईने तोवर कमलाकरला एकदाच पाहिलं होतं, तेही पोह्यांच्या बशीवरून, तोंड अर्धंच दिसलेलं. पसंत आहे का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती कुणास ठाऊक. आणि एक दिवस गुलाबी कागदावर छापून, गावभर वाटून, सनईच्या सुरांवर जाहीर झालं की तो तिला प्रिय असो. कशासाठी, तर 'र' जड व्हावा म्हणून.

पुढे घरात त्यांचं नावच ते पडलं. भावजींना स्टेशनवरून यायला उशीर झाला की मंदाताई दार उघडून म्हणायची, "आले आमचे प्रियअसो." भांडण झालं की, "सांग तुझ्या प्रियअसोंना, आमटी गार झाली." चाळीसेक वर्षं. भावजींना वृत्ताचं काही कळत नव्हतं. त्यांचा समज असा की हे एखाद्या नाटकातलं आहे. आत्याला मात्र शेवटपर्यंत एकच रुखरुख. 'संसारि'मधला 'रि' तिने मोडून ऱ्हस्व केला होता. "ती चोरी आहे," म्हणायची. प्रिय कुठून आला, याबद्दल तिला काहीच वाटत नसे.

तर टोस्ट.

तिसरा खर्डा फाडल्यावर मी, न लिहिण्याचा मास्तरी उपाय म्हणून, शब्दाचं मूळ शोधत बसले. आमच्या लहानपणी टोस्ट म्हणजे बेकरीत पत्र्याच्या डब्यातून मिळणारा, खारीचा थोरला भाऊ. चहात बुडवायचा आणि पडायच्या आत तोंडात टाकायचा. पेला उंचावण्याशी त्याचा काय संबंध? तर आहे, आणि चांगला जवळचा आहे. पूर्वी इंग्लंडात दारूच्या पेल्यात मसाला लावून भाजलेल्या पावाचा तुकडा घालत, चवीला. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफसुद्धा नदीत बुचकळून आल्यावर मद्य मागतो ते पावाच्या तुकड्यासकट. 1709 साली रिचर्ड स्टीलने लंडनच्या 'टॅटलर'मध्ये एक गोष्ट दिली. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळात बाथ गावच्या कुंडात एक सुंदरी स्नानाला उभी होती. एका चाहत्याने त्याच पाण्याचा पेला भरून तिच्या नावाने प्यायला. दुसरा झिंगलेला होता. तो म्हणाला, पाणी नको मला, त्यातला टोस्ट तेवढा द्या, आणि कुंडात उडी मारायला निघाला. तेव्हापासून जिच्या नावाने प्यायचं तीच टोस्ट झाली. गोष्ट खरी की रचलेली, कोण सांगणार. पण म्हणजे आम्ही चहात बुडवत होतो तेच बरोबर होतं.

आणि तिथेच मला वाक्य सापडलं. मैत्रिणीची लेक लहान असताना शाळा सुटल्यावर आईची वाट बघत आमच्या स्टाफरूममध्ये बसायची. माझ्या कपात टोस्ट बुडवून धरायची आणि मोजायची, कितीला मोडतो. आईची मुलगी. उत्तर नऊ यायचं. दहापर्यंत धरून ठेवायचा नाही, हे तिला सहाव्या वर्षी कळलं होतं.

हॉलमध्ये गेले तर माईकला स्टँड होता. मैत्रिणीने लांबून दोन बोटं दाखवली: दोन वस्तू, दोन हात. समीकरण तिने सोडवून ठेवलं होतं. इवल्याशा पेल्यांतून पोर्ट वाइन फिरली. माझ्या मते ती चवीला खोकल्याच्या औषधाची सख्खी बहीण, आणि म्हणूनच टोस्टला योग्य. कुणी दुसरा पेला मागत नाही. मी अर्धं कोंकणीत, अर्धं माझ्या मराठीत बोलले. नऊ म्हटल्यावर नवरी मुलगी तोंडावर हात धरून हसली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ 'साऊद' म्हणाले, पोर्तुगीजांच्या वेळचे असावेत. सगळे प्याले, ती दोघं सोडून. ज्यांच्या नावाने प्यायचं त्यांनी प्यायचं नसतं, हा नियम मला फार शहाणा वाटतो. आपली स्तुती गिळायची नाही, नुसती ऐकायची.

मग केक, नाच, कोंकणी गाण्यांचा 'मसाला', पुन्हा नाच.

रात्री उशिरा मुलाकडची मंडळी निघाली तेव्हा हॉलच्या फाटकापाशी सगळे थांबले. शिम. पूर्वी गावाच्या वेशीवर करायचे, आता हॉलच्या दारात भागवतात. मुलीकडचा एक वडीलधारा पुढे आला, त्याने फेणीची बाटली तिरपी केली आणि रस्त्यावर आडवी रेघ ओढली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ती. कुणी काही बोललं नाही. मुलीचा बाप तारवटी, उभा जन्म बोटीवर काढलेला. दिवसभरात त्याच्या तोंडून मी दहा वाक्यंही ऐकली नव्हती. बाटलीचं बूच त्याच्या हातात होतं. ते तो बोटांनी फिरवत होता, उलटं-सुलटं, उलटं-सुलटं.

मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. रेघ डांबरावर पसरत चालली होती, आणि तिचे ओठ हलत होते. मोजत असावी.