आमच्या कॅरमच्या फळीचा बाक

आपल्या वसतिगृहातील कॅरमची जुनी फळी ज्यांनी वापरली आहे, त्यांना तिच्या मध्यभागीचा खोलगटपणा वेगळा सांगावयास नको. ज्यांनी ती पाहिली नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, हलक्या हाताने मारलेली सोंगटी कोपऱ्यातील भोकापासून वीतभर अंतरावर दम सोडी आणि खिडकीकडील कोपऱ्याकडे निघालेली मात्र नेम चुकला तरी आपोआप आत शिरे.

कॅरम हा मुळात सपाटीचा खेळ आहे. खेळावयाचा भाग 74 सेंटिमीटर चौरस, सोंगट्या 19, आणि स्ट्रायकरचे वजन जास्तीत जास्त 15 ग्रॅम. एवढ्या हलक्या वस्तूला उतार लगेच कळतो. पूर्ण जोराने मारलेल्या स्ट्रायकरने फळीवर साडेतीन येरझारा कराव्यात, अशी चांगल्या फळीची कसोटी सांगतात. आमच्या फळीवर तो दुसऱ्या येरझाऱ्यातच थांबत असे.

तरीही त्या फळीसाठी रांग लागे. वर्षावासाचे दिवस, मैदानात गुडघाभर चिखल, सायंकाळची वंदना आटोपली की जेवणाच्या घंटेपर्यंत दुसरी करमणूक नाही. जिंकेल तो बसेल आणि हरेल तो उठेल, हा नियम. दहावीच्या मुलांना फळीचा प्रत्येक उतार पाठ होता. पाचवीत नव्याने आलेला, घरापासून पहिल्यांदाच दूर राहिलेला मुलगा तासभर उभा राही आणि पाच मिनिटांत उठे. त्या वर्षी असाच एक लहानगा रोज रांगेत दिसे. परंतु पाळी आली की मागच्याला पुढे करी. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “दादा, हरून उठण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.”

आम्ही नववीतले चौघे तेव्हा गृहपाल सरांकडे गेलो. नवी फळी घेण्याइतके पैसे नव्हते. त्या वर्षी पांघरुणांचा खर्च आधी होता, आणि ते योग्यच होते. सरांनी आम्हांला आमच्याच एका मित्राच्या वडिलांचे नाव सुचविले. काका सुतारकाम करीत. आश्विन पौर्णिमेला मुलाला भेटावयास आले असता त्यांनी फळी प्रथम उलटी केली. आम्ही आजवर तिच्या पाठीकडे पाहिलेही नव्हते.

दोष पाठीचा होता. खेळाच्या बाजूस पॉलिश होते, पाठ मात्र कोरी. पावसाळाभर फळी ओलसर भिंतीला टेकवून ठेवलेली असे. कोरे प्लायवूड दमट हवा पिऊन फुगले, पॉलिशची बाजू तशीच राहिली, आणि फुगलेल्या पाठीने पुढच्या बाजूस पोटात ओढले. काकांनी दोन समोरासमोरच्या भोकांच्या कडांवरून दोरा ताणून दाखविला. मध्यभागी त्याखालून एक आडवी सोंगटी सहज सरकत होती.

“सरळ करून काय मिळणार?” असे दहावीतील एक दादा म्हणाले. “सवय झाली की सरळच वाटते.” दादा मनाचे वाईट नव्हते, पाचवीच्या कित्येक मुलांची ट्रंक त्यांनीच बसथांब्यावरून उचलून आणली होती. पण ही सवय कोणाला झाली आणि कोणाला नाही, हे त्यांना आमच्या जागेवरून दिसत नव्हते.

काकांनी सांगितले तसे आम्ही केले. व्हरांड्यात वारा खेळेल अशा जागी फळी पालथी घातली, म्हणजे चारही बाजूंची चौकट जमिनीवर टेकली आणि फुगलेली पाठ वर आली. तिच्या मधोमध जुन्या चादरीत गुंडाळलेल्या विटा ठेवल्या; पहिल्या दिवशी दोन, पुढे एकेक वाढवीत सहा. उन्हात ठेवावयाची नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. भराभर वाळले की प्लायवूडचे थर सुटतात. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत दहा दिवस गेले. मग काकांनी पाठीवर सागाच्या दोन पट्ट्या सरस लावून बसविल्या. स्क्रू इतके आखूड निवडले की, टोक पुढे डोकावू नये. शेवटी कोऱ्या पाठीलाही पॉलिशचे दोन हात दिले. मजुरी घेतली नाही. मुलांच्या पंगतीत बसून जेवले.

दोऱ्याखालून आता पोस्टकार्डही अडकत जाई. मात्र खिडकीकडील कोपऱ्याचा किंचित पीळ राहिलाच. तो काढण्याच्या नादात फळी तडकेल, असे काकांचे मत पडले. त्यावर गृहपाल सरांनी नियम बदलला: प्रत्येकाने सलग दोन डाव खेळावेत आणि पहिल्या डावानंतर जागांची अदलाबदल करावी. तो कोपरा मग एकेकदा दोघांच्याही वाट्यास येऊ लागला.

पाचवीचा तो मुलगा पुढच्या रविवारी खेळावयास बसला, तोही त्याच दादांसमोर. पहिला डाव पार हरला. दुसऱ्यात त्याने राणी घेतली आणि पुढच्याच फटक्यात तिचे कव्हरही घेतले; डाव शेवटी दादांनीच जिंकला. मुलगा उठला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पाळी आली तेव्हा या वेळी त्याने कोणालाही पुढे केले नाही.

फळीच्या पाठीवर, दोन पट्ट्यांच्या मध्ये, काकांनी सुतारी पेन्सिलीने लिहिले होते: “भिंतीला टेकवू नये. आडवी ठेवावी.” पुढच्या तुकडीतील कोणीतरी ती अक्षरे रंगाने गिरविली.