धातू जातो कुठे?

क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यातून निघणारे पिवळे पाणी जिवाणूंच्या सहवासात रंगहीन होते, आणि केवळ या दृश्यावर विसंबून या तंत्राविषयी जे उत्साही लेखन होते त्यात एक मूलभूत गोष्ट बहुधा निसटते. सांडपाण्यातील साखरेचे किंवा फिनॉलचे विघटन करून जिवाणू अखेर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू शकतात. जड धातू मात्र मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे फक्त रूप आणि ठिकाण बदलते. म्हणूनच या कामात मुरलेला माणूस पाणी किती नितळ झाले हे नंतर पाहतो आणि धातू गेला कुठे, हे आधी विचारतो.

षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे सहा संयुजेचा क्रोमियम, पाण्यात क्रोमेट आयनाच्या रूपात विरघळलेला असतो. या आयनाची घडण सल्फेटसारखी असल्याने सल्फेटसाठी असलेल्या वाटेनेच तो पेशीत शिरतो आणि तिच्या जनुकद्रव्याला इजा करतो. बॅसिलस, स्यूडोमोनास अशा वंशांतील अनेक जिवाणू विकरांच्या साह्याने त्याला इलेक्ट्रॉन पुरवतात. या क्रियेला क्षपण म्हणतात आणि तिच्यातून तयार होणारा त्रिसंयुजी क्रोमियम कितीतरी कमी विषारी असून उदासीन पाण्यात हायड्रॉक्साइडच्या रूपाने तळाशी बसतो; निदान बसायला हवा.

षट्संयुजी क्रोमियम ओळखण्यासाठी आम्लयुक्त नमुन्यात डायफेनिलकार्बाझाइड घालतात. क्रोमियम असेल तर जांभळट रंग उमटतो. रंग उमटला नाही की काम फत्ते झाले असे मानण्याचा मोह होतो, पण जिवाणूंना वाढवण्यासाठी घातलेली मळी किंवा यीस्टचा अर्क यांतील सेंद्रिय द्रव्ये त्रिसंयुजी क्रोमियमला धरून ठेवतात, तो विरघळलेलाच राहतो आणि ही चाचणी त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी नमुना नायट्रिक आम्लात पचवून एकूण क्रोमियम मोजावाच लागतो. भारतात नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम अशी वेगवेगळी ठेवलेली आहे, ती उगाच नव्हे. शिवाय पोषणद्रव्यातील काही घटक जिवाणूंवाचूनही क्रोमेटचे क्षपण करू शकतात. त्यामुळे मारलेल्या पेशींची एक तुलनेची बाटली शेजारी नसेल, तर जिवाणूंच्या पराक्रमाचे वर्णन न वाचलेलेच बरे.

झिंक, कॅडमियम, तांबे यांच्यासाठी वाट निराळी आहे. डेसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू प्राणवायू नसलेल्या ठिकाणी सल्फेटच्या आधारे श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, जो धातूशी संयोग पावून अत्यंत कमी विरघळणारे सल्फाइड बनवतो. बाटलीत लोह असेल तर तळ काळा पडू लागतो आणि बूच उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. हा वायू स्वतः प्राणघातक असल्याने वासावर भिस्त ठेवून चालत नाही, कारण प्रमाण वाढले की नाक बधिर होते. नेदरलँड्समधील बुडेल येथील झिंकच्या कारखान्यात १९९२ पासून दूषित भूजलावर हीच क्रिया वापरली गेली. तेथे जिवाणूंना इथेनॉल पुरवले जाई आणि जमणारे झिंक सल्फाइड पुन्हा कारखान्याच्याच भट्टीकडे जाई. धातूचा हिशेब इतका नेटका जुळण्याचे कारण जिवाणूंपेक्षाही शेजारची भट्टी हे आहे.

पिंपरी-चिंचवडमधील लहान प्लेटिंग युनिटजवळ अशी भट्टी नसते. तेथील कुंडातले मूळ द्रावण इतके आम्लधर्मी आणि तीव्र असते की त्यात विरजणासारखे थोडे जिवाणू सोडून वाट पाहणे व्यर्थ ठरते. त्यावर सोडियम मेटाबायसल्फाइट आणि नंतर चुना ही जुनी रासायनिक पद्धतच योग्य, जिवाणूंचे क्षेत्र त्यापुढच्या विरळ, मोठ्या आकारमानाच्या पाण्याचे. दोन्ही मार्गांनी शेवटी हाती गाळच येतो. तो उघड्यावर मातीत मिसळला, तर मातीतील मँगनीजची ऑक्साइडे त्रिसंयुजी क्रोमियमचा काही भाग पुन्हा षट्संयुजी करू शकतात. त्यामुळे घातक कचऱ्याच्या नियमांनुसार हा गाळ तळोजा किंवा रांजणगाव येथील बंदिस्त भरावस्थळीच पाठवला पाहिजे, आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.