धुऱ्याशी थांबलेली तांबी

डोंगरकड्यात मला हरणं वाचवणारे गुरुजी म्हणून ओळखतात. शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, आता केळी आणि हळद करतो, पण ही ओळख टिकली आहे. तिच्याआड मी एक चूक फार दिवस झाकून ठेवली. ती आज लिहितो.

१९७१ साली मी नऊ वर्षांचा होतो. वन्यजीव संरक्षण कायदा यायला अजून एक वर्ष होतं. शहरातले पाहुणे जीप घेऊन आमच्याकडे शिकारीला आले होते. एका काळविटाच्या पोटात गोळी लागली आणि ते तसंच पळालं. पाहुण्यांनी त्याच्यामागं लांब पायांची दोन कुत्री सोडली. मला काही दिसलं नाही. तुरीच्या पलीकडून आवाज तेवढा आला आणि तो बराच वेळ येत राहिला. मग कुत्री परत आली. त्यांची तोंडं लाल होती आणि ती शेपट्या हलवत नेमकी माझ्याकडे आली. मी आईच्या पदराआड गेलो.

वास काढणारं कुत्रं म्हणजे हरणाचा काळ, हे त्या दिवशी मनात बसलं आणि पुढं पन्नास वर्षं मी ते तपासून पाहिलं नाही. लहानपणीची भीती मोठेपणी तत्त्व म्हणून मिरवली.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या गायरानात फासेपारध्यांची तीन पालं पडली. सोबत कुत्री होती. मी कुणाशी एक शब्द न बोलता अर्ज लिहिला की ही माणसं कुत्र्यांकडून हरणं धरतात. मी काही पाहिलं नव्हतं, पुरावाही नव्हता. आठवड्यात पालं उठली. त्याच काळात मी वर्गात शिकवत होतो की इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला आणि ३१ ऑगस्ट १९५२ला तो पुसला गेला. फळ्यावर तारीख लिहिणारा हात आणि अर्ज लिहिणारा हात एकच होता.

पुढं अकोला-नांदेड रस्ता रुंद झाला, वाहनांचा वेग वाढला. रात्री रस्ता ओलांडताना हरीण नाहीतर रोही धडकतं. जागेवर मेलं तर सकाळी दिसतं. पण पाय मोडलेलं, कंबर दुखावलेलं जनावर उठतं आणि उसात नाहीतर केळीत शिरतं. केळीत दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. वनखात्याची माणसं येतात, शोधतात, परत जातात.

माझा पुतण्या जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. त्यानं तांबी नावाचं एक तांबूस गावठी पिल्लू पाळलं आणि मला म्हणाला, "काका, हिला जखमी हरणाचा माग काढायला शिकवतोय. जर्मनीत याची वेगळी जात आहे कुत्र्यांची. हजार मीटरचा माग, त्यावर पाव लिटरच रक्त शिंपडलेलं आणि तेही वीस तासांपूर्वीचं. तेवढ्यावरून शोधायचं, अशी परीक्षा असते."

मी म्हणालो, "शिकारीसाठीच ना ते? माझ्या धुऱ्याच्या आत हे कुत्रं आणायचं नाही."

त्यानं वाद घातला नाही. वनखात्याच्या लोकांना आधी सांगून ठेवलं आणि माझं शेत सोडून सगळीकडं तांबीला शिकवलं. शिकवणारा आणखी एक माणूस होता. उठवलेल्या पालांतले एक म्हातारबा नातवासह परत आले होते आणि गावाच्या कडेला राहत होते. पुतण्या त्यांना बाबा म्हणतो. चपलांखाली बकऱ्याचे खूर बांधून बाबा चालत, मधूनच रक्ताचा एखादा थेंब टाकत, वळणं घेत, ओढा ओलांडत. माग आधी दोन तासांचा, मग रात्रभर मुरलेला. तांबीच्या छातीला पट्टा आणि पट्ट्याला तीस हात दोरी. ती दोरी कधीच सुटायची नाही. वाटेत जित्या शेळ्या आडव्या आल्या आणि तिनं तिकडं नाक वळवलं की पुतण्या नुसता उभा राहायचा. पुन्हा मागावर आली की चालायचा.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

त्या पावसाळ्यात माझ्या धुऱ्यावर रक्ताचे डाग दिसले होते. गेलं असेल डोंगराकडं, असं म्हणून मी घरी आलो. पाचव्या दिवशी बागेत वास सुटला. मोटारीच्या खोलीपासून चाळीस पावलांवर हरणाची मादी मरून पडली होती. मागचे पाय लुळे असावेत, कारण पुढच्या पायांनी तिनं माती उकरून अर्धगोल केला होता. तो अर्धगोल चांगला वीतभर खोल होता. इतका खोल व्हायला किती तास लागतात, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही. एका दिवसात तिला शोधू शकली असती अशी कुत्री गावात होती. मीच तांबीला धुऱ्याबाहेर ठेवलं होतं.

तरीही मी पुतण्याला बोलावलं नाही. हे लिहिताना लाज वाटते.

माघ महिन्यात पहाटे फोन आला. "काका, मी तुमच्या धुऱ्यावर उभा आहे. रात्री गाडीनं हरीण उडवलं. माग तुमच्या बागेत चाललाय. येऊ का?"

मी गेलो. हरभऱ्यावर दव होतं. पुतण्या, बाबा आणि दोरी ताणून उभी असलेली तांबी, तिघंही धुऱ्याच्या पलीकडं थांबले होते. मी लगेच हो म्हटलं नाही. मला तांबीचं तोंड बघायचं होतं. ते मिटलेलं होतं. ती भुंकत नव्हती. फक्त नाकपुड्या हलत होत्या. त्या उकरलेल्या मातीची आठवण आली आणि मी बाजूला झालो.

ती पळेल असं मला वाटलं होतं. पण ती माणसाच्या चालीनं, नाक जमिनीला लावून चालत राहिली. हरभऱ्यात ओल्या मातीवर खुरांचे ठसे दाट उमटले होते, अख्खा कळप डावीकडं गेलेला. मी म्हणालो, "चुकली ती. हरणं तिकडं गेलीत." तांबी उजवीकडं वळली होती. तिथं मला रक्तही दिसेना.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "ती हरणं नाय हुडकत, गुरुजी. ती त्या एकाच जीवाला हुडकती."

हरणाच्या दोन खुरांमध्ये ग्रंथी असते, तिचा वास प्रत्येक पावलाला मातीत उतरतो आणि तो ज्याचा त्याचा वेगळा असतो, हे पुतण्यानं पुढं समजावलं. त्या क्षणी मात्र बाबांचं वाक्यच मला लागलं. पन्नास वर्षं मी सगळी कुत्री एका आवाजावरून ओळखली, सगळे पारधी एका शब्दावरून. हे गावठी जनावर माझ्या डोळ्यांदेखत एक कळप बाजूला ठेवून एकट्या दुखावलेल्या जिवाच्या पावलावर पाऊल टाकत चाललं होतं.

केळीत एका ठिकाणी माग तुटला. तांबी थांबली, मागं आली, गोल फिरली आणि पुन्हा ठिबकच्या नळीच्या कडेनं निघाली. वाळक्या पानांचाही आवाज होऊ नये असं आम्ही चालत होतो. मग ती एकदम खाली बसली. पुढं पंधरा-वीस हातांवर, लोंबत्या पानांच्या सावलीत, दोन कान दिसले. ते हलत होते.

तुरीपलीकडचा तो आवाज आता येणार, असं वाटून माझे हात गार पडले. तांबी तशीच बसून राहिली. पुतण्यानं दोरी आवळत तिला मागं घेतलं, भाकरीचा तुकडा दिला, आणि आम्ही सगळे पार मोटारीच्या खोलीपर्यंत मागं सरलो. तिथून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. जखमी हरणाला आणखी पळवलं तर भीतीनं आणि धावपळीनं त्याचे स्नायूच आतून नासतात, जखम साधी असली तरी ते मरू शकतं. म्हणून दोरी. म्हणून कुजबुज. दात वेगळे आणि नाक वेगळं, एवढी गोष्ट कळायला मला ती दोरी बघावी लागली.

वनखात्याच्या लोकांनी डोळ्यांवर फडकं टाकून त्या हरिणीला उचललं. तिसऱ्या दिवशी ती गेली. कंबरेचं हाड मोडलं होतं. पण तिला औषध मिळालं, आणि माती उकरत पडून राहावं लागलं नाही.

वेदात इंद्राच्या चोरलेल्या गायींचा ठाव लावणारी सरमा ही कुत्रीच होती. तिच्यावरूनच कुत्र्याला सारमेय म्हणतात. हे मी वर्गात सांगत असे. तिनं गायी शोधल्या, फाडल्या नाहीत, हे तेव्हा कधी मनात आलं नाही.

आता आठवड्यातून एकदा संध्याकाळी मीच चपलांखाली खूर बांधून माझ्या बागेत तांबीसाठी माग टाकतो. सकाळी ती येते. बाबा तिच्या मागून माती बघत येतात. गेल्या खेपेला मोटारीच्या खोलीजवळ ते वाकले आणि म्हणाले, "गुरुजी, हितं लई येळ उभं ऱ्हायलात."

राहिलो होतो. त्या अर्जाचं त्यांना कसं सांगावं, हा विचार करत. त्या सकाळीही सांगितलं नाही. हे छापून आलं की त्यांचा नातू त्यांना वाचून दाखवील. त्याच्या आधी मला त्यांच्याकडं जायचं आहे.