पानिपत: गोळ्या आणि भाकरी

पानिपत म्हटले की मराठी मनाला १७६१ आठवते. आजचे पानिपत मात्र जगाने टाकलेल्या जुन्या कपड्यांपासून सूत काढते, ब्लँकेटे विणते. राबणारे हात पुष्कळदा परप्रांतातले. दाटीची खोली, धुळीची हवा, अपुरे जेवण. क्षयाला एवढे पुरते.

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. साध्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार: दोन महिने चार औषधे, पुढे तीन. पण खोकला लवकर थांबतो, आणि मग गोळ्यांसाठी रोजंदारी कशाला बुडवायची, असे वाटू लागते. उपचार तिथेच तुटतो.

म्हणूनच पोषणाचा पैसा मोलाचा. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १०००. झारखंडमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातला क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी घटला.

भाकरीही उपचारच आहे!

कारखाना सुटला, गावी जावे लागले, तरी निक्षय या सरकारी प्रणालीतल्या रुग्णनोंदणीमुळे उपचार तिकडच्या केंद्रात चालू ठेवता येतो. हे कामगाराला पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत सांगायला हवे.