फाइलमध्ये नसलेले पान

आपल्या घरी कुणाचे कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर रुग्णाची फाइल एकदा उघडून पाहावी. बायॉप्सीचा अहवाल, स्कॅन, केमोथेरपीच्या तारखा, रक्ताच्या तपासण्या, सारे तीत क्रमाने लावलेले असते. लसीकरणाची नोंद मात्र बहुधा सापडत नाही. नातवाचे लसीकरण कार्ड कपाटात जपलेले असते. आजीच्या नावाचे तसे कार्ड मी अजून पाहिलेले नाही.

१९८५ साली सुरू झालेला आपला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बालके आणि गरोदर माता यांच्यासाठी आखलेला आहे. त्यामुळे वयस्कांची लस ही स्वतःच्या खर्चाची आणि स्वतःच्या आठवणीची बाब राहिली. त्यात कर्करोग आला की आठवण ठेवायची कुणी? नंदाखालहून परळला जायचे म्हणजे पहाटे उठून विरार स्टेशन गाठायचे, लोकलची गर्दी, मग रांग. एवढे करून तज्ज्ञांसमोर बसल्यावर गाठीविषयी विचारायचे की फ्लूच्या लशीविषयी? गावी परतल्यावर घरचे मला म्हणतात, "डॉक्टर, केमो चालू आहे, आता आणखी सुई नको." तज्ज्ञांना वाटते, हे गावचे डॉक्टर पाहतील. गावच्या डॉक्टरला वाटते, तज्ज्ञांच्या संमतीवाचून हात लावू नये. दोघांचेही म्हणणे गैर नाही, आणि लस राहून जाते.

एकदाच वेगळे घडलेले मला आठवते. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वर्षांच्या सहव्याधीग्रस्तांना कोविडची लस मिळू लागली, तेव्हा शासनाच्या यादीत कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख होता. नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र पुरेसे होते. ज्याचे नाव यादीत आहे, त्याला घरचेही नेतात, हे तेव्हा दिसले. इतर लशींसाठी अशी यादी घरोघरी पोहोचलीच नाही.

त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे नागीण झालेला रुग्ण पाहिला की कळते. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून असतो. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावली की तो डोके वर काढतो. अशा एका आजींना मी तपासले तेव्हा अंगावर गेरूचा लेप होता. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, या समजुतीने घरचे गाठीपेक्षा तिलाच अधिक घाबरले होते. वेढा पुरा होत नसतो. पण पुरळ सुकल्यावरही त्यांना अंगावर लुगड्याचा स्पर्श सोसवेना. ही वेदना महिनोन्‌महिने टिकू शकते.

नागिणीवर आता जिवंत विषाणू नसलेली लस आपल्याकडे मिळते. तिचे दोन डोस घ्यावे लागतात आणि ती महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. फ्लूची लस त्या मानाने स्वस्त. ती दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावी. न्यूमोनियाचीही लस आहे. फ्लूच्या टोचायच्या लशीत विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. भीती बाळगायचीच तर जिवंत विषाणूंच्या लशींची बाळगावी: कांजिण्यांची, गोवराची, पीतज्वराची. केमोथेरपी चालू असताना रुग्णाने त्या घेऊ नयेत.

वेळही महत्त्वाची. शक्य असेल तर निष्क्रिय लस केमोथेरपीच्या किमान दोन आठवडे आधी द्यावी. ते हुकले तर दोन चक्रांच्या मध्ये केव्हा, ते तज्ज्ञ सांगतात. रिटुक्सिमॅबसारख्या औषधानंतर साधारण सहा महिने लस नीट लागू पडत नाही. म्हणून पुढच्या भेटीला एक चिठ्ठी न्या: "कोणती लस, केव्हा?" उत्तर त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे आम्हा गावच्या डॉक्टरांना लस टोचताना संकोच उरत नाही.

लस घेतल्यावर अंग दुखेल, क्वचित कणकण येईल. मात्र केमोथेरपीच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो लशीचाच असेल असे गृहीत धरू नका. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा.

आणखी एक, बारीकसे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या दंडात सुई घेऊ नये. दुसरा दंड पुढे करावा. आणि आजींच्या सोबत आलेल्या मुलाने, सुनेनेही बाही वर करावी. फ्लू घरातूनही येऊ शकतो.