धापेचे खरे नाव

आम्हा हुबळी-धारवाडकरांच्या बोलण्यात ‘दमा’ म्हाताऱ्यांचा. कापूसबाजारातल्या हमालाला, चुलीपुढे भाकरी थापणारीला नुसती ‘धाप लागते’. देशातील १२ केंद्रांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १५ वर्षांवरील दर शंभरांत सुमारे २ जणांना दमा आढळला. देशभराचा अंदाज १ कोटी ७२ लाखांचा. धूम्रपान व चुलीचा धूर यांच्याशी त्याचा संबंधही दिसला. तरी गरिबाघरी निदान लांबते. दवाखान्यात गेले की रोज बुडतो. हाती ‘पंप’ दिसला की काम जाण्याचे, मुलीचे लग्न अडण्याचे भय. वास्तविक औषध नियमित ओढले तर बहुतेकांना कष्टाचे काम झेपते. म्हणून धापेला दमा म्हणण्याचा संकोच आम्ही प्रथम सोडला पाहिजे.